दोनदा तोडलेली गाडी

दाजी,

स्टँडवर तुमचा फ्लेक्स लागलाय. देवळाली कॅम्पच्या टॅक्सी स्टँडवर, चहाच्या टपरीशेजारी, दोन बांबूंना बांधलेला. नव्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तुम्ही उभे आहात आणि खाली, साहेबराव या नावाशेजारी, तीन शब्द छापलेत : प्रामाणिक, परखड, कष्टाळू. परखड होतात. कष्टाळू होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या शब्दाबद्दल मंडळींनी मला विचारलं होतं. "बाळूशेठ, तुम्ही त्यांचे मेहुणे, तुम्ही सांगा. शोभतो ना?" मी मान हलवली. आयुष्यभर तुमच्यासमोर जे केलं, तेच तुमच्या मागेही केलं.

आज लिहितोय, कारण तुम्ही उत्तर देऊ शकत नाही. हा भ्याडपणा आहे, मला कळतं. समोर असतात तर म्हणाला असतात, "मुक्याला वाचा फुटली रे, पेढे आणा."

मी रडलो नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. माझा स्वभावच तसा, असं आक्काने लोकांना सांगितलं. आक्का तुमची बायको असली तरी आधी माझी बहीण आहे, तिला मला सांभाळून घ्यायची सवय आहे. खरी गोष्ट अशी की मला तुमचा राग होता. अजून आहे. तुमच्या-माझ्यामध्ये गेली कित्येक वर्षं एक माणूस उभा आहे, एका पायावर. त्याचा दुसरा पाय कुणामुळे गेला, हे तुम्ही तुमच्या परीनं ठरवून टाकलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

पण आधी उपकारांचं बोलून घेतो. दहावी नापास होऊन मी नाशिकरोडला आलो, तेव्हा तुम्ही मला एका वेल्डिंगवाल्याच्या हाताखाली लावलं. चार वर्षांनी सिन्नर फाट्याजवळची पत्र्याची शेड मिळवून दिलीत, गॅसचा पहिला सेट स्वतःच्या टॅक्सीच्या डिकीतून आणून उतरवलात. हे मी विसरलो नाही. कारण तुम्ही विसरू दिलं नाहीत. लग्नकार्यात, स्टँडवर, अनोळखी गिऱ्हाइकासमोरसुद्धा : "हा आमचा बाळू. याला मी माणसात आणला."

गाडी चालवायलाही तुम्हीच शिकवलंत. तीच ती ॲम्बेसेडर, काळी-पिवळी, नव्वदच्या सुमारास तुम्ही सेकंडहँड घेतलेली. रविवारी कॅम्पच्या पलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन तुम्ही शेजारी बसायचात आणि गिअर चुकला की हातावर चापट. ब्रेक उशिरा दाबला की मात्र चापट नाही, भाषण. "आधी डोळ्यानं थांब, मग पायानं. ब्रेक पायात असतो असं समजणारा ड्रायव्हर कुणाला तरी मारतो." त्या वेळी तुम्ही मला फार मोठे वाटला होतात. मिलिटरीवाल्यांच्या बायका मुलांना घेऊन स्टेशनवर उतरल्या की रांगेतल्या बाकीच्या टॅक्स्या सोडून तुमची विचारायच्या. गाडीवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख बसलेली मी कधी पाहिली नाही. दिवसातून तीनदा पुसायचात.

मग ती योजना आली. ठरलेल्या वर्षांपुढची जुनी टॅक्सी मोडीत काढा, तोडल्याचा दाखला आणा, परवाना तोच राहील, नव्या गाडीच्या करात सूट आणि कर्ज सवलतीत. स्टँडवर कुणीतरी कात्रण आणलं होतं. तुम्ही ते घरी आणून जेवताना मोठ्यानं वाचलंत.

"ऐक शकू. जुनी मारून टाका, नवी आणा, वर सरकारकडून बक्षीस. बाळू, चौकशी कर रे, बायकोला लागू आहे का."

आक्का भाकरी थापत होती. तिने मानही वर केली नाही. "नवऱ्याला लागू आहे का तेवढं विचार. मी पहाटेच नंबर लावते."

हसलो सगळे. तुम्हीसुद्धा. आपण तिघं एकत्र असं हसल्याची ती शेवटची वेळ, असं मला आज वाटतं. कदाचित नसेलही. पण मला तरी त्यानंतरची आठवत नाही.

कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही शेडवर आलात आणि म्हणालात, "नवी घ्यायची. पण जुनी तोडायची नाही."

ज्याला हा धंदा माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. गाडी मोडीत काढली याचा पुरावा म्हणजे तिच्या चेसीवर कोरलेला नंबर. तेवढी पट्टी गॅसनं कापून कचेरीत जमा करायची. ती जमा झाली की कागदावर गाडी मेली. तुमचं म्हणणं असं, की पट्टी जमा करू, दाखला घेऊ, आणि गाडी पांढरी रंगवून पेठ रोडवर लावू. तिकडे पाड्यांवरून बाजाराला, मजुरीला जाणारी माणसं ताटकळत उभी असतात. कापलेल्या जागी वेल्डिंगनं दुसरी पट्टी डकवायची. भंगारवाल्याच्या अंगणात एका ॲम्बेसेडरचा सांगाडा पडलाय, त्याच्यावरची. गाडी तोडल्याचा फोटोही त्याच सांगाड्याचा काढायचा.

मी म्हणालो, "दाजी, नको."

एवढंच म्हणालो. मी जास्त बोलत नाही, तुम्हाला माहीतच होतं. तुम्ही म्हणालात, "कुणाचं काय जातंय? सरकारला पट्टी मिळाली, मला गाडी मिळाली, पाड्यावरच्या बाईला डोक्यावरचं ओझं उतरवायला जागा मिळाली. आणि चांगली चालती गाडी तोडायची कशासाठी? म्हातारी झाली म्हणून? उद्या मलाही कापतील." मग आवाज खाली आणून म्हणालात, "एकच हंगाम. दिवाळीनंतर खरंच तोडू. शकूच्या गळ्याची शपथ घे, कुठं बोलणार नाहीस."

मी शपथ घेतली, पट्टी कापली आणि दुसरी डकवली. गॅसचा सेट तुम्ही आणून दिला होता ना.

हा वाद आपण पुढं कधी पुरा केला नाही. मी मनातल्या मनात शंभर वेळा केला. त्यात मी फार छान बोलतो. तुम्हाला सांगतो की गाडी म्हातारी झाली म्हणून नाही, तिच्यात बसणाऱ्याचा जीव आहे म्हणून तोडायची असते. सांगतो की रांगेत उभं राहून खरोखरच गाडी तोडून आलेले तुमचेच सोबती बावळट नव्हते. तुम्ही गप्प बसता. मनातल्या वादात तुम्ही नेहमी गप्प बसता, हीच त्यातली गंमत.

दिवाळी गेली. दुसरी गेली. तुम्ही कॅम्पच्या स्टँडवर नव्या गाडीत, आणि मेलेली गाडी पेठ रोडवर. तिच्यावर ड्रायव्हर म्हणून तुम्ही काशिनाथला ठेवलंत. पेठकडचा, डोंगरातला, भाताचं तुकडाभर शेत असलेला. द्राक्षबागेच्या छाटणीला यायचा तो तुमच्या हाताखाली ड्रायव्हर झाला. त्यालाही तुम्ही माणसात आणला असणार. गाडीचा खरा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. तो तिला धुवायचा, पुसायचा, बॉनेटला हात लावून पाया पडायचा.

त्याचा पाय गेला त्या आठवड्यात तो शेडवर आला होता. तुम्हीही होतात.

"शेठ, ब्रेक लांब जातोय. लायनर बदलायला पायजे."

"बाजार होऊ दे. सोमवारी बघू."

"घाटात भ्या वाटतं वो."

"तू आहेस ना? मग गाडीला काय होतंय?" आणि तुम्ही त्याच्या पाठीत थाप मारलीत.

रविवारी सकाळी सावळघाटाच्या उतारावर गाडी कठडा मोडून खाली गेली. माणसं पेठला उतरवून तो एकटाच परत येत होता, हे नशीब. निरोप आल्यावर आपण दोघं नव्या गाडीतून गेलो. त्याला मागच्या सीटवर आडवा घेऊन आलो. दवाखान्यात विचारलं, कसं झालं? अपघात म्हणावं तर गाडी कुठली, नंबर काय, विमा कुणाचा. गाडी तर दोन वर्षांपूर्वी मेली होती. तुम्ही म्हणालात, "झाडावरून पडला." आणि कागदावर खाली सही मी केली, सोबत आणणारा म्हणून. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. झाडावरून पडलेल्या माणसाला नुकसानभरपाई कोण देणार? दाव्यासाठीसुद्धा एखादी गाडी असावी लागते. तुम्ही ती सरकारला देऊन बसला होतात.

त्याच दुपारी दरीतून ओढून आणलेला सांगाडा माझ्या शेडमध्ये आला. तोडायचा होता, आता खरोखर. तुम्ही बाहेर स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसलात. मी आत कटर पेटवला. थोड्या वेळानं तुम्ही न वळताच विचारलंत,

"बाळू, पट्टीचा टाका धरला होता ना?"

"धरला होता."

"मग ब्रेकच."

तुम्ही गुडघ्यावर कोपरं टेकून तोंड झाकून घेतलंत. मी कापत राहिलो. संध्याकाळपर्यंत तुकडे झाले आणि ते भंगारवाला घेऊन गेला. एक गाडी मी दोनदा तोडली, एकदा कागदासाठी आणि एकदा कागद लपवण्यासाठी.

काशिनाथ शुद्धीवर आला तेव्हा त्याला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं. शनिवारी रात्री जेवल्याचं आठवत होतं, मग एकदम दवाखान्याचं छत. त्याने तुम्हालाच विचारलं, "शेठ, काय झालं असल?" तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंय. "ब्रेक ठीक नव्हते तर गाडी काढलीस कशाला?" पाय गेलेल्या माणसाला! बाहेर येऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहिलात आणि म्हणालात, "मीच म्हणालो होतो ना त्याला, सोमवारी बघू." मला तुमची कीव आली नाही. मला ते नाटक वाटलं. दोष त्याच्या माथी मारायचा, आणि हळहळ मात्र माझ्यासमोर करायची.

पुढची वर्षं मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो. तुम्ही गाडी चालवणं सोडलंत. डोळ्यांचं कारण सांगितलंत लोकांना. स्टँडवर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे ब्रेक तपासायला लागलात. लोक चेष्टा करायचे, "साहेबराव आले, लायनर दाखवा रे." महिन्यातून एकदा एसटीनं पेठला जायचात, पिशवी भरून. काय न्यायचात मी कधी विचारलं नाही. आक्का म्हणायची, "तुझे दाजी बदललेत रे." मी मनात म्हणायचो, बदलू देत. भोगू देत. मला बरं वाटायचं, दाजी. तुम्ही वाळत चालला होतात आणि मला बरं वाटायचं. हे लिहिताना माझा हात थांबत नाही, इतकं ते खरं आहे.

आणि आता ते लिहितो, जे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

टाका धरला नव्हता.

कटर पेटवण्याआधी मी पाहिलं. पुढच्या उजव्या चाकावरची माझी पट्टी एका बाजूने फाटून उघडली होती. ज्या जागी चाकाचा सगळा भार येतो तीच जागा; ती उघडली की चाक भरकटतं. आतून जोडपट्टी द्यायला हवी होती, हे मला डकवतानाच माहीत होतं. पण आतली पट्टी हात घातला की लागते, कुणी तपासलं तर कळतं. म्हणून दिली नाही. वरचा टाका मी कानस मारमारून इतका सपाट केला की बोट फिरवलं तरी कळू नये. तुम्ही सांगितलं नव्हतं ते. तुम्ही तर म्हणाला होतात, "कशीतरी चिकटव, एकच हंगाम आहे." मला कशीतरी जमत नाही. शेडवर येणारा प्रत्येकजण म्हणायचा, बाळूचं काम दिसतच नाही. टाका घासला की पातळ होतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगतात. मी देखणं काम केलं आणि कच्चं केलं.

पहिला काप मी तिथंच मारला. त्या टाक्यावरूनच. मग तुम्ही विचारलंत आणि मी म्हणालो, धरला होता.

अजून आहे. चाक सोडवताना मी ब्रेकचा ड्रम उघडला. लायनर नवे होते. चारी चाकांचे उघडून पाहिले, चारी नवे. डिकीत त्याच रविवारच्या पेपरात गुंडाळलेले जुने सापडले. काशिनाथने तुमच्या सोमवारची वाट पाहिली नव्हती. पदरचे लायनर आणून त्या पहाटे स्वतः बसवले होते आणि ते बसवल्याचं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. ते पुडकं मी त्याच पेपरासकट भंगाराच्या ढिगात टाकलं. तुम्ही बाहेर स्टुलावर तोंड झाकून बसला होतात. मला फक्त हाक मारायची होती. तुम्ही माझ्यापासून दहा पावलांवर होतात.

मी मुका नाही, दाजी. तुम्ही उगीच नाव ठेवलंत. मी मोजून गप्प बसतो.

म्हणजे तुमचा राग खोटा होता का? नाही. खोटी पट्टी तुमची कल्पना. 'झाडावरून पडला' हे तुमचं वाक्य. शपथ तुमची. फ्लेक्सवरचा तो पहिला शब्द मी आजही खोडीन. पण जे ओझं तुम्ही इतकी वर्षं वाहिलंत ते तुमचं नव्हतं, आणि माझा राग एवढा मोठा मी मुद्दाम ठेवला, कारण त्याच्यामागे लपायला जागा होती.

शेवटचे चार दिवस तुम्हाला कुणाची ओळख नव्हती. मी संध्याकाळी येऊन बसायचो. तुमचा उजवा पाय हलत होता. चादरीखाली सारखा पुढं दाबायचात, सोडायचात, पुन्हा दाबायचात. आक्का पायथ्याशी बसून पोटरी चोळत होती. "गोळा येतोय रे यांच्या पायात," म्हणाली. "डॉक्टरांना सांग."

मला माहीत होतं तुम्ही काय दाबत होतात. घाट उतरत होतात.

तेव्हा तरी वाकून तुमच्या कानात बोलायचं. तीन शब्द पुरले असते. आक्का समोर होती, नर्स येत-जात होती, मी म्हणालो उद्या. तुमच्याचसारखं झालं, दाजी. सोमवारी बघू.

तेराव्यानंतर मी आक्काला सगळं सांगितलं. ती तुमच्या चपलांकडे बघत बसली. मग म्हणाली, "मी त्यांच्या पायाला तेल लावत बसले रे." दुसरं काही नाही. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. आपल्या घरात गप्प बसायचं काम आता तिने घेतलंय.

काल पेठला गेलो. काशिनाथ ओट्यावर बसून टोपली विणत होता, कुबडी शेजारी. मी सगळं सांगितलं. पट्टी, टाका, लायनर, दवाखान्यातली माझी सही. लिहूनही नेलं होतं, सहीनिशी. तो कागद त्याच्या हातात दिला. म्हणालो, "वकिलाला दाखव, पोलिसांना दाखव. कुठं दाखवायचा तिथं दाखव. मी नाही म्हणणार नाही."

त्याने कागद उलटसुलट करून बघितला, घडी घातली, टोपलीखाली ठेवला. मग विचारलं, "लायनर म्या बसवले होते?"

"चारी."

"चारी," तो स्वतःशी म्हणाला. दोन काड्या विणल्या. "मला वाटं, भ्या वाटत असून गाडी काढली ना, मंग माझाच दोष. घरच्यांला पण तसंच सांगलं." मग माझ्याकडे बघितलं. "शेठ दर महिन्याला यायचे. इथंच बसायचे, तू बसला तिथं. डोळं पुसायचे. म्हणायचे, माझ्या सोमवारनं तुझा पाय खाल्ला. त्यांला सांगलं होतं का तू?"

"नाही."

"मग मला काय सांगायला आला?" आवाज चढवला नाही त्याने. "मी तर जित्ता हाय. मला कवाबी सांगता आलं असतं. आधी त्यांला सांगायचं ना."

परतताना एसटी सावळघाटात उतरली तेव्हा ती जागा खिडकीतून दिसली. नवा कठडा बांधलाय. ड्रायव्हरने वळणावर ब्रेक दाबला आणि मी तुमच्यासारखाच पाय पुढं दाबला.

काशिनाथचं ऐकतोय. उशीर झालाय, तुम्ही नाही आहात, आणि मला आणखी कुठं सांगायचं ते कळत नाही, म्हणून इथं सांगतो. पाय आखडून घ्या आता. ब्रेक चांगले होते, दाजी.